१.४.२ नंतर १.५.० की २.०.०? प्रकाशित पॅकेजची नवी आवृत्ती काढण्यापूर्वीच्या काही शंका

कोरीपाटी

नमस्कार.

पायथॉनमधील एक लहान पॅकेज मी सांभाळतो. एसआरटी प्रकारच्या उपशीर्षक-फाइली वाचणे, त्यांतील वेळा मागेपुढे सरकवणे आणि चित्रफितीचा फ्रेम-रेट बदलला असेल तर त्या प्रमाणात ताणणे, एवढेच त्याचे काम आहे. पायपीआयवर (पायथॉन पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर) त्याची १.४.२ ही आवृत्ती बऱ्याच काळापासून आहे आणि दरम्यान मुख्य शाखेत इतके बदल साचले आहेत, की आता नवी आवृत्ती काढण्यावाचून गत्यंतर नाही.

वेळ सरकवणाऱ्या फंक्शनमधील ‘डिले’ या आर्ग्युमेंटचे नाव आता ‘ऑफसेट’ केले आहे आणि जुने नाव काढून टाकले आहे. फाइल वाचताना एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) सांगितले नसेल तर पूर्वी ते ऑपरेटिंग सिस्टिमवर सोडलेले होते. आता ते नेहमी यूटीएफ-८ धरले जाते. सेकंदांचे मिलिसेकंद करताना पूर्वी अपूर्णांक छाटला जात असे, आता उत्तर जवळच्या पूर्णांकाकडे नेले जाते. वेबव्हीटीटी फाइली वाचण्याची सोय नव्याने आली आहे. शिवाय पायथॉन ३.८ आणि ३.९ यांचा आधार काढला आहे, कारण त्यांची मुदत अनुक्रमे ऑक्टोबर २०२४ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली.

यातील कोणत्या बदलामुळे क्रमांक १.५.० न राहता २.०.० होतो, ही माझी मुख्य शंका आहे. त्याशिवाय, सगळ्या चाचण्या हिरव्या असताना प्रकाशित करण्यापूर्वी आणखी काही तपासण्याची गरज असते का, आणि प्रकाशित केल्यावर चूक निघाली तर ती आवृत्ती पुसून त्याच क्रमांकाने पुन्हा चढवता येते का, हेही जाणकारांनी सांगावे.

तळटीप

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच उभी आहेत. तसे करता येत नाही. पायपीआयवर एकदा चढवलेल्या फाइलचे नाव पुन्हा कधीही वापरता येत नाही, मग तुम्ही ती आवृत्ती पुसा किंवा अख्खा प्रकल्प पुसून नव्याने उभा करा. रस्ट या भाषेच्या क्रेट्स डॉट आयओ या पॅकेज-साठ्यावरही प्रकाशित आवृत्तीवर दुसरी आवृत्ती लिहिता येत नाही. हा निर्बंध जाचक वाटला तरी योग्य आहे. तुमचे पॅकेज वापरणाऱ्या कोणाच्या तरी लॉक-फाइलमध्ये (नेमक्या आवृत्त्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये) त्या व्हीलचा, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधलेल्या फाइलचा, शा-२५६ हॅश (मजकुराचा ठसा) नोंदलेला असतो. उद्या त्याच क्रमांकाखाली वेगळा मजकूर आला, तर त्याच्या दृष्टीने ती दुरुस्ती आणि छेडछाड यांत काहीच फरक उरत नाही. सिमँटिक व्हर्जनिंगच्या, म्हणजे क्रमांकातील कोणता आकडा कधी वाढवायचा हे सांगणाऱ्या, नियमावलीतही प्रकाशित आवृत्तीच्या मजकुराला हात लावू नये, बदल नव्या आवृत्तीनेच करावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

आता क्रमांकाविषयी. आर्ग्युमेंटचे जुने नाव काढल्याने ते नावाने देणारा प्रत्येक कोड टाइपएरर देऊन थांबेल, आणि जुना वापर मोडला की पहिला आकडा वाढतो, त्यामुळे २.०.० हे एवढ्यावरच ठरते. एन्कोडिंगचा बदल मला त्याहून गंभीर वाटतो, कारण तो नेहमी आवाज करत नाही. विंडोजवर सीपी-१२५२ या जुन्या एन्कोडिंगमध्ये साठवलेली जुनी फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचताना बहुतेक वेळा एरर येईल आणि ते त्यातल्या त्यात बरेच. पण एखाद्याने एरर गिळणारी वेष्टने लिहून ठेवली असतील, तर त्याच्याकडील उपशीर्षके मुकाट्याने गाळली जातील.

अपूर्णांकाचा बदल खरा विचार करायला लावणारा आहे. १.००५ सेकंदांना १००० ने गुणले, तर फ्लोट गणितात (संगणकाच्या अंदाजे दशांश-गणितात) उत्तर १००५ न येता १००४.९९९९… असे येते आणि छाटणी केली की १००४ मिलिसेकंद उरतात. ही उघड चूक आहे, आणि नियमावलीप्रमाणे चुकीचे वर्तन सुधारणारा अंतर्गत बदल पॅच क्रमांकात, म्हणजे १.४.३ मध्ये जाऊ शकतो. तरीही मी तो तिथे घालणार नाही. वापरकर्ते पुरेसे झाले की तुमच्या कोडच्या दिसून येणाऱ्या प्रत्येक वर्तनावर कोणी ना कोणी विसंबलेला असतो, मग दस्तऐवजात तुम्ही काहीही लिहिलेले असो. हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम तो हाच. तुमच्या बाबतीत असा माणूस कल्पनेत आणायलाही फार कष्ट नाहीत. आधीच्या फाइलशी नवी फाइल बाइट-बाइट ताडून पाहणारी एखादी चाचणी कुठे तरी असणारच, आणि ती एका मिलिसेकंदाच्या फरकाने लाल होईल. २.०.० निघतेच आहे, तर हा बदल तिच्यात जाऊ द्या आणि बदलनोंदीत १.००५ चे उदाहरण देऊन लिहा. ‘राउंडिंग सुधारले’ एवढ्या दोन शब्दांवरून कोणालाही बोध होत नाही.

जुन्या पायथॉनचा आधार काढणे हे मात्र मी मोठ्या क्रमांकाचे कारण मानत नाही. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये रिक्वायर्स-पायथॉन हे ‘३.१० किंवा पुढे’ असे नोंदवले, की जुन्या पायथॉनवरील पिप (पॅकेजे बसवणारे साधन) नवी आवृत्ती आपोआप वगळते आणि चालेल अशी शेवटची जुनी आवृत्ती घेते. २०१६ मधील पिप ९.० पासून ही सोय आहे. तिथे वरची मर्यादा घालण्याचा मोह मात्र टाळा. ‘३.१४ पर्यंतच’ असे लिहिले, तर ३.१५ वरील पिप थांबत नाही, तर मर्यादा नसलेली एखादी जुनाट आवृत्ती शोधून ती बसवते, आणि मग तुमच्याकडे ज्या तक्रारी येतात त्यांचा उगम सापडता सापडत नाही.

क्रमांकाने सगळेच सांगून होते असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी या पॅकेजची ३.४ आवृत्ती आली, तेव्हा सोर्सपासून बांधणी करण्यासाठी रस्टचा कंपायलर लागू लागला. तयार व्हील मिळत होते त्यांना काहीच जाणवले नाही. अल्पाइन लिनक्सवर मात्र तेव्हा व्हील उपलब्ध नव्हते, त्यामुळे तिथल्या बांधण्या जागोजागी कोसळल्या. फंक्शनांची रूपे तीच होती, बदलले होते ते बसवण्याचे साहित्य. त्यानंतर त्या प्रकल्पाने क्रमांकाची पद्धतच बदलली आणि ३.४ च्या मालिकेनंतर थेट ३५.० काढली. तुमच्या पॅकेजला अशी वेळ येईल असे नाही, पण बसवण्याच्या अटी बदलल्या असतील तर त्या बदलनोंदीत सर्वांत वर असाव्यात.

उंबरठा

क्रमांकाचे तळटीप यांनी सांगितलेच आहे. मी ‘सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत’ या वाक्यावर थांबतो, कारण त्या कशावर चालल्या हे त्यात येत नाही.

पॅकेजचे फोल्डर रेपॉझिटरीच्या मुळाशीच असेल आणि चाचण्या तिथूनच चालवल्या जात असतील, तर इम्पोर्ट होतो तो तुमच्या समोरचा कोड. वापरकर्त्याला मात्र व्हील मिळते, आणि व्हीलमध्ये काय गेले हे बांधणीची कॉन्फिगरेशन ठरवते. व्हील ही शेवटी झिप फाइलच असते. पायथॉनच्या झिपफाइल मॉड्यूलला उणे-एल हा पर्याय दिला, की आतली यादी समोर येते. ती यादी एकदा डोळ्यांखालून घालाच. सहसा पायथॉनच्या फाइली सगळ्या असतात आणि नसते ती एखादी डेटा फाइल. वेबव्हीटीटीची सोय नवी आहे म्हणता. तिच्यासोबत भाषा-संकेतांची जेसन फाइल किंवा साचे असे काही आले असेल, तर आधी तेच शोधा. उलट बाजूनेही पाहा, कारण चाचण्यांसाठी गोळा केलेल्या मोठमोठ्या नमुना-फाइली व्हीलमध्ये शिरल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

यावर उपाय साधा आहे. रेपॉझिटरीची ताजी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावी, तिथे बिल्ड चालवावे, आणि रिकामे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून त्यात ते व्हील बसवून चाचण्या चालवाव्यात, तेही अशा ठिकाणाहून जिथे सोर्स इम्पोर्टच्या वाटेत येणार नाही. कायमची सोय हवी असेल तर कोड ‘एसआरसी’ या फोल्डरखाली हलवावा. मग न बसवता तो इम्पोर्टच होत नाही आणि हा प्रश्न मुळातूनच मिटतो. बिल्ड हे साधन कोणताही पर्याय न देता चालवले, तर ते आधी सोर्सचे बंडल बांधते आणि त्या बंडलापासून व्हील तयार करते. बरेच जण वेळ वाचवण्यासाठी फक्त व्हील बांधतात, पण सोर्स बंडलातून काही सुटले असेल तर ते या दोन टप्प्यांमुळेच उघडकीला येते.

ताज्या प्रतीचा आग्रह मी उगाच धरत नाही. तुमच्या रोजच्या फोल्डरमध्ये अर्धवट प्रयोग, जुन्या बांधणीचे अवशेष आणि कमिट न केलेल्या ओळी असतात, आणि त्यांतले काहीही बंडलात जाऊ शकते. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या प्रकरणात, म्हणजे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, घातक कोड जागा करणारी बांधणीची स्क्रिप्ट गिट रेपॉझिटरीत नव्हतीच, ती प्रकाशित टारबॉलमध्येच (सोर्सच्या बंडलातच) होती. तिथे हेतू दुष्ट होता, इथे तसे काही नाही. पण टॅगवरून जे दिसते आणि लोकांच्या हाती जे पडते ते एकच असावे, ही अपेक्षा तुमच्याकडूनही आहेच.

आवृत्ती-क्रमांक गिटच्या टॅगवरून काढणारे सेटअपटूल्स-एससीएम वापरत असाल तर एक खाचखळगा आहे. गिटहब अॅक्शन्समधील चेकआउट डीफॉल्टने फक्त शेवटचा कमिट आणते, आणि उथळ प्रतीत टॅग सापडले नाहीत की क्रमांक भलताच निघतो. तसेच कमिट न केलेला बदल शिल्लक असेल तर क्रमांकाला अधिक-चिन्हापुढची शेपटी लागते, आणि अशी फाइल पायपीआय स्वीकारतच नाही. त्या नकाराबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

रीडमीकडेही लक्ष द्या. पायपीआयच्या पानावर दिसणारा मजकूर त्या आवृत्तीसोबत गोठतो. नंतर एखादा दुवा तुटलेला दिसला तर तो सुधारायला नवी आवृत्तीच काढावी लागते. ट्वाइन या पॅकेज चढवण्याच्या साधनाचा चेक हा आदेश मांडणीच्या चुका आधी सांगतो, पण उदाहरणात अजून ‘डिले’ लिहिलेले आहे हे तो सांगू शकत नाही. रीडमीतील प्रत्येक उदाहरण त्या रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून पाहा.

चढवण्यासाठी टोकन कुठे साठवून ठेवू नका. एप्रिल २०२३ पासून पायपीआयवर ट्रस्टेड पब्लिशिंग आहे. त्यात ठरलेल्या रेपॉझिटरीतील ठरलेल्या वर्कफ्लोला अल्पजीवी टोकन मिळते आणि चोरीला जाईल असे कायमचे काही उरत नाही. टॅग ढकलल्यावर बांधणी आणि चाचण्या आपोआप होऊ द्याव्यात, मात्र चढवण्याची शेवटची पायरी कोणीतरी बटण दाबल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. सगळे आपोआप व्हावे असे म्हणणारेही पुष्कळ आहेत, पण तुमच्यासारख्या क्वचित आवृत्ती काढणाऱ्या प्रकल्पाला त्या घाईचा काही लाभ नाही.

कोरीपाटी

दोघांचेही मनापासून आभार. व्हील उघडून पाहिले. भाषा-संकेतांची जेसन फाइल त्यात नव्हती आणि चाचण्या तरीही हिरव्याच होत्या. आता पॅकेज-डेटामध्ये ती नमूद केली आहे.

आणखी दोन शंका आहेत. २.०.० थेट काढली, तर ‘डिले’ वापरणाऱ्यांना कोणतीही पूर्वसूचना न मिळता त्यांचा कोड मोडेल, आणि हे मला रुचत नाही. दुसरे असे, की आधी २.०.० ची आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम होण्यापूर्वीची चाचणी) आवृत्ती काढावी असे वाचले आहे, पण ती कोणी बसवतच नसेल तर तिचा उपयोग काय?

मधलीओळ

२.०.० या क्रमांकाशी मी सहमत आहे, मात्र ती सर्वांत आधी निघू नये. आधी १.५.० काढा. तीत वेबव्हीटीटीची नवी सोय असावी, ‘ऑफसेट’ हे नवे नाव असावे आणि ‘डिले’ हे जुने नावही चालू राहून इशारा देत असावे. एखादी गोष्ट कालबाह्य घोषित केली की मधला क्रमांक वाढवावा, असे नियमावलीच सांगते. छाटणी आणि एन्कोडिंग यांचे जुने वर्तन १.५.० मध्ये तसेच ठेवा. दोन्ही नावे एकाच वेळी दिली गेली तर टाइपएरर द्या, त्यांतले कोणते खरे याचा अंदाज बांधत बसू नका.

इशारा देण्यातही मेख आहे. पायथॉनमधील डेप्रिकेशन-वॉर्निंग डीफॉल्टने दडवलेली असते. ती थेट चालवलेल्या मुख्य स्क्रिप्टमधूनच उद्भवली असेल तरच दिसते. इशारा देताना स्टॅकलेव्हल (इशारा कोणत्या ओळीच्या नावावर पडावा हे ठरवणारी संख्या) दोन दिला नाही, तर तो तुमच्या पॅकेजमधल्या ओळीच्या नावावर पडतो, म्हणजे मुख्य स्क्रिप्टमधून हाक मारणाऱ्यालाही दिसत नाही. दोन दिला की ज्या ओळीने ‘डिले’ लिहिले तिचाच क्रमांक समोर येतो. पायटेस्ट हे चाचण्या चालवणारे साधन असे इशारे आपण होऊन दाखवते, त्यामुळे ज्यांच्या चाचण्या आहेत त्यांच्यापर्यंत ही बातमी पोहोचते. एन्कोडिंगसाठी वेगळा विचार करावा लागेल. एन्कोडिंग न सांगणाऱ्या प्रत्येकाला इशारा दिला तर सगळेच वैतागतील. ज्याच्या सिस्टिमचे एन्कोडिंग यूटीएफ-८ नाही त्यालाच तो द्यावा, कारण २.०.० मध्ये फरक पडणार आहे तो त्यालाच. तिथे फ्यूचर-वॉर्निंग वापरा, ती दडवली जात नाही.

१.५.० आधी काढण्याचे याहून मोठे कारण तळटीप यांच्याच मुद्द्यात आहे. जुन्या पायथॉनवरील पिप चालेल अशी शेवटची आवृत्ती घेते, म्हणजे ३.८ आणि ३.९ वर अडकलेल्या लोकांजवळ तुमची जी आवृत्ती कायमची राहणार आहे, ती १.५.० असेल की १.४.२ हे तुमच्या हाती आहे. त्यांना १.४.२ वरच मागे सोडण्याऐवजी १.५.० मध्ये जुन्या पायथॉनचा आधार ठेवा आणि तो २.०.० मध्ये काढा. त्यासाठी १.४.२ च्या टॅगवरून वेगळी शाखा काढून हवे तेवढेच कमिट तीत उचलून घ्यावे लागतील. काम कंटाळवाणे आहे, पण पुढे १.५.१ ची गरज पडली तर हीच शाखा उपयोगी येईल. २.०.० नंतर १.५.१ चढवली तरी काही बिघडत नाही, कारण पिप तारीख पाहत नाही, सर्वांत मोठा क्रमांक पाहते.

आरसीविषयी तुमचे निरीक्षण बरोबर आहे. २.०.०आरसी१ ही आवृत्ती पिप ‘प्री’ हा पर्याय दिल्याशिवाय किंवा नेमका क्रमांक सांगितल्याशिवाय बसवत नाही, त्यामुळे ती नुसती काढून वाट पाहिली तर काहीच कळत नाही. तिचा उपयोग मागणी करून घ्यायचा असतो. तुमच्यावर विसंबलेले जे प्रकल्प उघड आहेत त्यांतले दोनतीन निवडा, त्यांच्या चाचण्या आरसी बसवून स्वतः चालवा आणि जे मोडेल ते त्यांच्या मेंटेनरना कळवा. टेस्ट-पायपीआय या सरावाच्या साठ्याचा हेतू वेगळा आहे; तिथे चढवण्याची तालीम होते, वापराची नव्हे. तिथून बसवून पाहताना डिपेंडन्सी (तुमच्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजे) आधी खऱ्या पायपीआयवरून घ्या आणि तुमचे पॅकेज नो-डेप्स पर्यायाने आणा. दोन्ही ठिकाणे एकदम जोडली, तर तिथे कोणीही तुमच्या डिपेंडन्सीच्याच नावाने ठेवलेले भलतेच पॅकेज तुमच्या यंत्रावर येऊ शकते.

प्रकाशित केल्यावर चूक निघालीच, तर पुसण्याऐवजी यँक करा, म्हणजे ती आवृत्ती मागे घेतल्याची खूण करा. पीईपी ५९२ या पायथॉनच्या प्रस्तावाने ही सोय दिली आहे. यँक केलेली आवृत्ती नव्याने बसवणाऱ्यांना दिली जात नाही, पण ज्यांनी नेमका तोच क्रमांक बांधून ठेवला आहे त्यांची बांधणी चालू राहते. पुसण्याचे परिणाम मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-साठ्यावर सर्वांनी पाहिले. लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज काढून घेतले गेले आणि त्यावर आडून विसंबलेल्या असंख्य बांधण्या थांबल्या. अर्थात प्रत्येक चुकीला यँक लागत नाही. संदेशातील चुकीचे शब्द किंवा क्वचित उद्भवणारा एखादा दोष २.०.१ ने भागतो. बसतच नाही, किंवा वापरकर्त्याच्या फाइली खराब होतात, अशी स्थिती असेल तर २.०.१ ची वाट न पाहता आधी यँक करून लोकांना १.५.० वर जाऊ द्या, आणि यँकच्या कारणात एक वाक्य तरी लिहा, कारण पिप ते इशाऱ्यात दाखवते.

तळटीप

मधलीओळ यांनी सुचवलेला क्रम माझ्या सूचनेपेक्षा चांगला आहे. त्यात एक व्यावहारिक अडथळा मात्र येईल. वेबव्हीटीटीचा कोड जर मुख्य शाखेत ३.१० गृहीत धरून लिहिला असेल, तर तो १.५.० मध्ये जसाच्या तसा उचलता येणार नाही. मॅच हे विधान ३.१० मध्येच आले, त्यामुळे ३.८ वर ती फाइल इम्पोर्टच होणार नाही. उभ्या रेघेने दोन टाइप जोडण्याची पद्धतही ३.१० चीच आहे. फक्त अॅनोटेशनमध्ये ती असेल तर फाइलच्या सुरुवातीला फ्यूचरमधून अॅनोटेशन्स आणून काम भागते, इतरत्र नाही. फेरलेखन फार होत असेल, तर वेबव्हीटीटी २.०.० साठीच राखून ठेवा आणि १.५.० मध्ये दोन्ही नावे आणि इशारे एवढेच द्या. कोणत्याही पर्यायात १.५.० चे व्हील खऱ्या ३.८ वर बसवून चाचण्या चालवल्याशिवाय ते चढवू नका, आणि १.५ मालिकेत दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे त्याच आवृत्तीच्या रीडमीत लिहून टाका, कारण नंतर ते तिथे घालता येणार नाही.